नेरुळच्या गल्लीतलं अडीच मीटरचं भांडण

नेरुळमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे. इमारती नव्वदच्या दशकातल्या. तेव्हा घरटी फार तर एक स्कूटर होती. आता बहुतेक घरांत एक आणि काही घरांत दोन मोटारी आहेत. आतली जागा पुरत नाही, म्हणून उरलेल्या गाड्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना, दोन चाकं फुटपाथवर चढवून उभ्या असतात. ज्येष्ठ मंडळी त्यामुळे डांबरी रस्त्यावरून चालतात. सोसायटीतलेच सात-आठ जण पहाटे सायकलवर निघतात. गेल्या महिन्यात एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि त्यांच्यातल्या एकाचं मनगट मोडलं. तेव्हापासून ग्रुपवर रोज वाद चालू आहे. गाडीवाले म्हणतात, सायकलवाले राँग साइडने घुसतात आणि रस्त्याच्या मधून चालतात. सायकलवाले म्हणतात, तुम्ही आमची कडच खाल्ली आहे. चालणारे दोघांवरही चिडलेले. प्रश्न असा: कायदा कोणाच्या बाजूने आहे, आणि हे मिटवायचं कसं?

ठाणे आणि नवी मुंबईत वाहतूक नियोजनाचं काम करते त्याला आता सव्वीस वर्षं झाली. चौकांची मोजणी, पार्किंगचे सर्व्हे, शाळांबाहेरच्या रस्त्यांची आखणी हे रोजचं काम. हे भांडण मी चरईत, पाचपाखाडीत, कोपरखैरण्यात, वाशीत पाहिलं आहे. माणसं बदलतात, भांडणाची जागा मात्र तीच राहते: रस्त्याच्या कडेची दोन-अडीच मीटरची पट्टी. त्या पट्टीत कोणी चालतं, कोणी सायकल चालवतं आणि कोणी आपली वस्तू ठेवून निघून जातं. ठेवणारा तिथे नसतो, त्यामुळे चालणारा आणि सायकलवाला एकमेकांवरच ओरडतात.

आधी कायदा, कारण तो तुमच्या ग्रुपवरच्या समजुतीपेक्षा बराच स्पष्ट आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभं ठेवायचं नाही. त्याच कायद्याखाली २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम आले. त्यांत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी करायला सरळ मनाई आहे. ‘दोनच चाकं चढवली आहेत, बाकीची रस्त्यावर आहेत’ या बचावाला त्यात कुठेही जागा नाही. मालमत्तेच्या दारासमोर, बसथांब्याजवळ, शाळा-रुग्णालयाच्या प्रवेशाशी गाडी लावायलाही मनाई आहे. चौकाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंत पार्किंग नको, असंही त्यात आहे. आपल्याकडे सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर दर साठ-सत्तर मीटरवर वळण येतं. पन्नास मीटरचा नियम शब्दशः लावला तर बहुतेक गल्ल्यांत एकही गाडी लावता येणार नाही. म्हणून प्रत्यक्षात सगळे पाटी कुठे आहे ते पाहतात आणि पाटी नसेल तर अगदी कोपऱ्यापर्यंत गाड्या भिडवतात. पन्नास मीटर जमत नसतील तर पहिले दहा मीटर तरी निर्दयपणे मोकळे ठेवा. सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दंड महाराष्ट्रात पहिल्यांदा पाचशे रुपये, पुन्हा केल्यास दीड हजार. मनाईच्या जागी उभी असलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ मध्ये आहे, पण तो गणवेशातल्या पोलिसाच्या आदेशाने. वॉचमनने चाकाला साखळी घालणं, कोणी हवा सोडणं, काचेवर फेव्हिकॉलने कागद चिकटवणं यातलं काहीही तुमच्या अधिकारात नाही. ते करणारा स्वतः अडचणीत येतो.

आता सगळ्यांत जास्त गैरसमज असलेली गोष्ट. ‘आमच्या गेटबाहेरची जागा आमची’ हे खरं नाही. सोसायटीची हद्द जिथे संपते तिथून पुढे रस्ता सार्वजनिक. तो महापालिकेच्या ताब्यात असतो आणि त्यावर कुठे थांबायचं, कुठे नाही, हे वाहतूक पोलीस अधिसूचनेने ठरवतात. तिथे ठेवलेल्या कुंड्या, टायर, वाळूच्या पिशव्या, ‘फक्त सभासदांसाठी’ अशा पाट्या, रंगवलेले नंबर यांपैकी कशालाही आधार नाही. उलट सार्वजनिक रस्त्यावर अडथळा निर्माण केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण फुटपाथवरच्या गाड्यांविरुद्ध तक्रार करणाऱ्या सोसायट्यांच्याच गेटबाहेर कुंड्यांची रांग मला अनेकदा दिसली आहे. आधी त्या आत घ्या, मग तक्रार करा.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विनाअडथळा, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. तुमच्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा. ते कोणाकडे मेहरबानी मागत नाहीत.

माझी आई त्र्याहत्तर वर्षांची असताना, ठाण्यात आमच्याच गल्लीत पडली. फुटपाथवर स्कूटरींची रांग होती, म्हणून ती खाली रस्त्यावर उतरली. तिथे कर्ब, म्हणजे फुटपाथची उभी कड, जवळजवळ फूटभर उंच होता. पाय वळला, खुबा मोडला. रस्त्यांची आखणी करणं हा माझा पेशा. तो कर्ब मी रोज बघत होते आणि त्याची उंची मला पाठ होती. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्बची कमाल उंची १५० मिलीमीटर दिली आहे, म्हणजे साधारण सहा इंच. चालण्यासाठी सलग मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जातील इतकी. दुकानांच्या भागात अडीच मीटर. आपल्याकडे फुटपाथ बांधतात तोच दीड मीटरचा. त्यात विजेचा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, जाहिरातीचा खांब. उरलेल्या तीन फुटांत दर वीस मीटरवर कोणाचं तरी गेट येतं आणि फुटपाथ उतार होऊन संपतो. गुडघे दुखणारा माणूस अशी चढउतार करत नाही, तो खाली रस्त्यावरूनच चालतो. तेव्हा ‘फुटपाथ असून लोक रस्त्यावरून चालतात’ ही गाडीवाल्यांची तक्रार ऐकली की मी आधी टेप काढते.

फुटपाथ नाहीच अशा रस्त्यावर चालायचं झालं तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. डाव्या कडेने चालणाऱ्याला मागून येणारं वाहन दिसत नाही. हे शाळेत शिकवलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

सायकलवाल्यांबद्दल बोलते, कारण जखमी त्यांच्यातला झाला आहे आणि तरीही दोष त्यांच्यावरच टाकला जातो आहे.

सायकल हे रस्त्यावर चालण्याचा पूर्ण हक्क असलेलं वाहन आहे. ‘टॅक्स भरत नाही तर कडेला राहा’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. शहरातले रस्ते मुख्यतः महापालिकेच्या पैशातून होतात आणि तो पैसा मालमत्ता कर, जीएसटीची भरपाई यांतून येतो, म्हणजे सायकलवाला तो भरतोच. मात्र वाहन म्हणून हक्क हवा तर वाहन म्हणून नियमही पाळायचे. डाव्या बाजूने चालवायचं, सिग्नल पाळायचा, फुटपाथवर चढायचं नाही, राँग साइड नाही. तुमच्या गाडीवाल्यांची राँग साइडची तक्रार खरी असेल तर तिथे ते शंभर टक्के बरोबर आहेत. वळणावरून बाहेर पडणारा चालक उजवीकडे बघतो, कारण वाहन तिकडून येणार अशी त्याची अपेक्षा असते. डावीकडून शांतपणे आलेली सायकल त्याला दिसतच नाही. आमच्या लहानपणी सायकलला रात्री दिवा नसेल तर हवालदार चाकाची हवा सोडत. आज हजारो रुपयांच्या सायकली मागचा लाल दिवा न लावता पहाटे निघतात तेव्हा मला खरंच भीती वाटते.

पण ‘रस्त्याच्या मधून चालवतात’ ही तक्रार वेगळी आहे आणि ती गाडीवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे गाडी डाव्या कर्बला लागलेली असते आणि चालकाचं दार उजवीकडे उघडतं, म्हणजे थेट सायकलवाल्याच्या वाटेत. उघडलेलं दार साधारण एक मीटर बाहेर येतं. म्हणून उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एक मीटर सोडूनच चालवा, असं जगभरचे सायकल प्रशिक्षक शिकवतात. ज्याने हे ऐकलं त्याला मागून हॉर्न मिळतो, ज्याने ऐकलं नाही त्याचं मनगट मोडतं. पावसाळ्यात आणखी कारणं येतात. डाव्या कडेला पाणी साचतं, पाण्याखाली गटाराचं खचलेलं झाकण असतं, आणि काही ठिकाणी पाणी जाण्याच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवलेल्या असतात. सायकलचं अरुंद चाक त्यात अडकलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्या जाळ्या फिरवून आडव्या बसवणं हे काही मिनिटांचं काम आहे. तुमच्या रस्त्यावर अशी एखादी असेल तर वॉर्ड ऑफिसला फोटोसह अर्ज द्या.

दारासाठी एक साधी सवय आहे. चालकाने उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात तिकडे न्यायचा म्हटलं की खांदा आपोआप वळतो, मान वळते, आणि मागून येणारा दिसतो. मागच्या सीटवरच्या मुलांनाही हे शिकवा. रिक्षातून उजवीकडून उतरू नका, हेही त्याच वेळी सांगा. मी मुलांच्या शाळांत हे करून दाखवते. दहा मिनिटांत त्यांना जमतं आणि मग ती घरी जाऊन आईवडिलांना टोकतात.

दार उघडताना मागे कोणी येत नाही ना हे पाहण्याची जबाबदारी उघडणाऱ्याची असते. मनगट मोडलेल्या सभासदाचा वैद्यकीय खर्च कोणी द्यायचा, यावर तुमच्या कमिटीत दोन आठवडे चर्चा झाली असं तुम्ही लिहिलं आहे. चर्चा थांबवा. गाडीच्या मालकांनी त्यांच्या घरी जावं, विचारपूस करावी आणि खर्च द्यावा. विम्याचा दावा होऊ शकतो का ते एजंटला विचारावं. हे झाल्याशिवाय पुढची कोणतीही बैठक शांतपणे होणार नाही, हा माझा अनुभव आहे.

तिन्ही बाजूंची चूक असते हे मान्य, पण चुकीची किंमत सारखी नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि ४,८३६ सायकलवाले. पादचाऱ्याने धक्का दिला म्हणून कोणी मोटारचालक मेल्याचं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. म्हणून रस्त्यावर सावधपणाचा जास्त भार जास्त वजनाच्या वाहनावर टाकला पाहिजे, असं मी मानते, आणि हे मी स्वतः रोज गाडी चालवणारी बाई म्हणून लिहिते आहे.

वेगाचा हिशेब एकदा बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा. कोरड्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत, साधारण तेरा मीटर घेते. पन्नासने जाणारी अठ्ठावीस मीटर. आतल्या रस्त्याच्या अर्ध्या किलोमीटरला पन्नासने गेलात तर तिसाच्या मानाने चोवीस सेकंद वाचतात. चोवीस सेकंद गेटवर बूम वर जाण्याची वाट बघण्यातच जातात. आता यात कोपऱ्यावरची गाडी घाला. एसयूव्हीची उंची पावणेदोन मीटरच्या आसपास, आठ-दहा वर्षांचं मूल तिच्यामागे पूर्ण लपतं. ते मूल गाडीआडून पुढे आलं की चालकाला ते सात-आठ मीटरवर दिसतं. इतक्या अंतरात तिसाचा चालकही पूर्ण थांबू शकत नाही, पन्नासच्या चालकाचा तर पाय ब्रेकवर पोचलेलाही नसतो. कोपऱ्यापासूनचे पहिले दहा मीटर मोकळे असले तर तेच मूल वीस-पंचवीस मीटरवरून दिसतं. दहा मीटर म्हणजे दोन मोटारी. प्रत्येक कोपऱ्यावर दोन गाड्यांची जागा सोडायची. चालणारा, सायकलवाला, गाडीवाला या तिघांनाही तिचा फायदा लगेच दिसतो, म्हणून सुरुवात तिथून करायची. गल्लीच्या मधोमधपासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी ‘माझीच गाडी का’ हा वाद होतो.

पहाटे पाम बीच रस्त्यावर जाणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी तिथेच, नेरुळजवळ, पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने गेले. ते अनुभवी होते आणि सोबत गटही होता. सरळ, रुंद, सिग्नल कमी असलेला रस्ता पहाटे रिकामा असतो, म्हणून सायकलवाल्यांना आवडतो आणि त्याच कारणाने तिथे गाड्या सुसाट सुटतात. दोघांत नुसता पांढरा पट्टा असेल तर तो कोणालाही अडवत नाही. सायकल ट्रॅकला कर्बची किंवा खांबांची कड हवी. कड नसली की आठवड्याभरात तो पार्किंग होतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता रंगवलेल्या ट्रॅकच्या आराखड्यावर सल्लागार म्हणून सही करत नाही. तोवर तुमच्या ग्रुपने एकामागे एक रांगेत चालावं, दोघे-तिघे शेजारी गप्पा मारत नको. मागे लाल दिवा, अंगावर चमकणारी पट्टी, आणि झुंजुमुंजू झाल्याशिवाय निघू नये.

आता गाडीवाल्यांचा खरा प्रश्न: मग गाडी ठेवायची कुठे? तो खोटा प्रश्न नाही आणि त्यांना खलनायक ठरवून सुटणारही नाही.

सिडकोची स्थापना १९७० ची. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची जी कल्पना मांडली, तिच्यातून नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारखी उपनगरं, आणि त्यांतले सेक्टर आले. शाळा, बाजार, स्टेशन जवळ, आणि मधलं अंतर पायी किंवा बसने. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली तेव्हाही हा हिशेब ठीक होता. तुमच्यासारख्या इमारती त्या काळातल्या, आतले रस्ते त्या काळातले. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडींच्या लहान घरांत तर दारात स्कूटर मावणंही कठीण. ठाण्याची अडचण आणखी जुनी आहे. नौपाडा, जांभळी नाक्याचे रस्ते टांग्याच्या काळातले. तिथे अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग चालतं. निदान एक बाजू मोकळी राहते, म्हणून मला ते तुमच्या गल्लीसाठीही पटतं. रस्ता अकरा मीटरचा असं तुम्ही कळवलं आहे. दोन्हीकडचे दीड-दीड मीटरचे फुटपाथ वजा जाता आठ मीटर. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की चार मीटर उरतात. स्कूलबस अडीच मीटर रुंद, मोटार आरशांसकट दोनच्या आसपास. समोरासमोर आल्या की अडकल्याच. म्हणूनच चालक चाकं फुटपाथवर चढवतात: त्यांना वाटतं आपण वाहतुकीला वाट करून देतो आहोत. वाट गाड्यांना मिळते, चालणाऱ्यांची जाते. एकाच बाजूला पार्किंग ठेवलं तर सहा मीटर मोकळे मिळतात आणि फुटपाथवर चढायचं कारणच उरत नाही.

जागेची किंमतही बोलून दाखवली पाहिजे. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर लागतात, म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. चाळीतली दहा बाय बाराची खोली याहून लहान असते. इतकी जागा नेरुळमध्ये भाड्याने घ्यायला काय लागेल ते तुम्हीच जाणता. रस्त्यावर ती आपण फुकट वापरतो आणि तिला हक्क समजतो. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी घेताना ती ठेवायची जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक, जे ठाण्याचेच आमदार आहेत, त्यांनी पार्किंगच्या दाखल्याशिवाय नवी गाडी नोंदवली जाऊ नये असं धोरण आणण्याची घोषणा केली. मला ते योग्य वाटतं. पण आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं त्याने काही होत नाही.

त्यासाठी आधी सोसायटीच्या आत बघा. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमधल्या मोकळ्या जागेत, दोन-तीन जागा मोडक्या सोफ्यांनी, सायकलींच्या सांगाड्यांनी, बंद पडलेल्या मारुतीने अडवलेल्या असतात. नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टखालची जागा बिल्डर स्वतंत्र गॅरेज म्हणून विकू शकत नाही. ‘मी विकत घेतली आहे’ असं म्हणून कोणी रिकामी जागा अडवून बसला असेल तर तो मुद्दा सर्वसाधारण सभेत घ्या. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गाड्या जास्त आणि जागा कमी असल्यास चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची सोय आहे. ती वापरा, आणि दुसऱ्या गाडीला पहिलीपेक्षा ठळकपणे जास्त शुल्क लावा. पहिल्या बैठकीत आरडाओरड होईल. नंतर एखाददुसरी न वापरलेली गाडी विकली जाते, हे मी दोन सोसायट्यांत पाहिलं आहे.

रात्री कोणाच्या गाड्या बाहेर असतात आणि दुपारी कोणाच्या, हे वेगळे प्रश्न आहेत. दुपारच्या गाड्या बहुधा दुकानांच्या ग्राहकांच्या असतात, सामान पोचवणाऱ्या मुलांच्या बाइक असतात, सकाळी सातला स्कूल व्हॅन. त्यांना दहा मिनिटं हवी असतात. दुकानांसमोर दोन गाड्यांची जागा फक्त चढ-उतारासाठी राखून ठेवली तर निम्मी दुहेरी पार्किंग थांबते. त्या मुलांशी भांडू नका, त्यांना उभं राहायला जागाच दिलेली नाही.

नो पार्किंग किंवा सम-विषम पार्किंग हवं असेल तर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना अर्ज जातो, आणि अधिसूचना निघताना नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यावर एकाच सोसायटीचं लेटरहेड असेल तर फाइल पडून राहते. समोरच्या आणि शेजारच्या सोसायट्यांच्या, दुकानदारांच्या सह्या असल्या की हलते. बोलार्ड, म्हणजे गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथवर रोवलेले बुटके खांब, हवे असतील तर महापालिकेकडे मागा. त्यांच्यातून चाकाची खुर्ची गेली पाहिजे, आणि खुर्ची जाईल तिथून बाइकही जाते, हे आधीच समजून घ्या. बोलार्ड मोटारी अडवतात, बाइक अडवायला पोलीसच लागतात. त्यासाठी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर फोटो टाका, पण त्या गाडीचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. नंबर ग्रुपवर गेला की प्रश्न पार्किंगचा राहत नाही, त्या कुटुंबाच्या अब्रूचा होतो, आणि मग ते लोक कितीही बरोबर सांगितलं तरी ऐकत नाहीत.

या सगळ्याआधी मोजणी करा. तिन्ही बाजूंचा एकेक माणूस एकत्र घ्या: एक गाडीवाले, एक सायकलवाले, आणि शक्यतो काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या आजी. टेप, खडू, वही आणि बॅटरी पुरेशी आहे. फुटपाथची मोकळी रुंदी दर दहा मीटरवर मोजा आणि तिथेच खडूने लिहा. आजींना त्या फुटपाथवरून कोपऱ्यापर्यंत चालू द्या, इतरांनी मागे राहून त्या किती वेळा खाली उतरतात ते लिहायचं. कोपऱ्यांपासून दहा मीटर मोजून खडूची रेघ मारा. मग गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे तीन वेळा टिपायचे: रात्री अकरा, पहाटे पाच, दुपारी बारा. तिन्ही फेऱ्यांत तोच आकडा त्याच जागी दिसला तर ती गाडी वापरात नाही, ठेवलेली आहे, आणि बैठकीत पहिलं बोलणं तिच्या मालकाशी. मंगळवार किंवा बुधवार धरा. शनिवार-रविवारी पाहुणे येतात आणि आकडा फुगतो, गणपतीत तर मोजूच नका. पहाटे पाचची फेरी कोणी टाळू पाहील, ती टाळू देऊ नका. त्या वेळी बाहेर फक्त तुमच्याच इमारतींच्या गाड्या असतात.